तंबोरा कुठे गेला?

दिवाळी जवळ आली की आमच्या मिरजेच्या गल्लीत भंगारवाल्याच्या फेऱ्या वाढतात. माळ्यावरचे सामान खाली येते, झटकले जाते आणि त्यातले निम्मे पुन्हा माळ्यावर न जाता त्याच्या हातगाडीवर जाते. यंदाही परवा त्याची हाक ऐकली आणि नेहमीप्रमाणे माझ्या काळजात बारीकशी कळ आली. तेवीस वर्षांपूर्वी, २००२ सालच्या दिवाळीत, मी स्वतःच्या हाताने आप्पांच्या रेकॉर्डांच्या दोन पेट्या अशाच एका हातगाडीवर ठेवल्या होत्या. भाव ठरला होता तो किलोवर. भंगारवाल्याने तागडी धरली, मी पैसे मोजून घेतले आणि आप्पा ओसरीवर बसून हे सारे पाहत होते. ते एक शब्दही बोलले नाहीत.

आज या पानांवर मला जे लिहायचे आहे ते रेकॉर्ड आणि सीडी यांच्या आवाजाविषयी. यांतली कोणती चांगली, हा वाद आता जुना झाला आहे आणि रसिक मंडळी तो अजूनही हिरीरीने घालतात. मी काही ध्वनिशास्त्रज्ञ नव्हे. आप्पांच्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिक होऊन मास्तर झालेला आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु या वादात मी दोन्ही बाजूंनी लढलो आहे आणि दोन्ही वेळा चुकलो आहे. एवढी योग्यता लेख लिहिण्यास पुरेशी आहे असे समजून वाचकांनी मला थोडा वेळ द्यावा.

आप्पा रेल्वेत कारकून होते. पगार बेताचा, संसार मोठा. पण वर्षाकाठी एक-दोन रेकॉर्डी घरात यायच्याच. रेकॉर्ड लावणे हा आमच्या घरात एक विधी होता. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने तबकडी गोल गोल पुसायची, कडेलाच धरायची, सुई अलगद टेकवायची. आमचे घर माडीचे. सुई टेकली की वर कोणी पाय आपटून चालायचे नाही, कारण लाकडी तक्तपोशी हलली की सुई उडी मारी आणि ख्याल एक आवर्तन पुढे जाई. आम्ही मुले म्हणून गाणे चालू असताना जागच्या जागी बसत असू. पुष्कळ वर्षांनी मला उमगले की मी संगीत ऐकायला शिकलो तो मुख्यतः हलायची बंदी होती म्हणून.

२००२ साली माझ्या पहिल्या काही पगारांतून मी सीडीचा प्लेयर आणला. आप्पांची एक फार आवडती एल.पी. होती, किराणा घराण्याच्या एका गायकाची. नाव मुद्दामच सांगत नाही. कारण पुढे जी तक्रार करायची आहे ती गायकाविषयी नाही आणि कोणा एका कंपनीला पिंजऱ्यात उभे करण्याचाही माझा हेतू नाही. तेच गाणे सीडीवर मिळाले. ते मी लावले. खरखर नाही, टकटक नाही, मध्ये उठून बाजू उलटायला नको. मी विजयी मुद्रेने आप्पांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटून पहिली पाच-सात मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “गाणं अगदी स्वच्छ आहे रे. पण तंबोरा कुठे गेला?”

म्हातारपणी कान जातात, जुन्याचा मोह सुटत नाही, अशी मी मनाशी समजूत घातली. पेट्या भंगारात गेल्या त्या यानंतरच.

आप्पांच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर रेकॉर्ड म्हणजे काय इथूनच सुरुवात केली पाहिजे. हिंदुस्थानी संगीताचे रेकॉर्डिंग मोठ्या प्रमाणावर सुरू झाले १९०२ साली, फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला तेव्हा. गौहरजानने त्याच्या कर्ण्यापुढे गाऊन शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. आपल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या ज्या लाखेच्या, तीच ही लाख. छोटा नागपूरच्या जंगलांतून ती जगभर जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. रात्ररात्र रंगणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे घागरीत नदी भरण्यातला प्रकार. तरीही आमच्या मिरजेचे अब्दुल करीमखाँ, ज्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात आजही गाणी होतात, त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डी ऐका. १९३० नंतरच्या दशकातल्या त्या भैरवीत कुठे घाई नाही. स्वर लावावा आणि त्याच्यावर विसावावे असे ते गाणे आहे. जागा थोडी म्हणून त्यांनी सामान कोंबले नाही. उलट कमी केले. ही तबकडीची देणगी नव्हे, गवयाची आहे. पण तबकडीने तिला वाव दिला हेही खरे.

आता या तबकड्यांतली एक गोम सांगतो. त्या ७८ फेऱ्यांच्या म्हणवल्या जात, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या नेमक्या तेवढ्याच गतीने कापल्या गेल्या होत्या असे नाही. समजा मूळ तबकडी ७६ फेऱ्यांवर कापली आणि आपण ती ७८ वर वाजवली, तर सारे गाणे जवळजवळ एका श्रुतीएवढे वर चढते आणि तितकेच जलदही होते. याच सांगली-मिरजेच्या पट्ट्यात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्या हिशेबातली एक श्रुती यंत्र गुपचूप वाढवून देते! स्वरांची आपसांतली अंतरे बदलत नाहीत हे खरे. पण गायकाची पट्टी बदलते आणि आवाजाचा पोतही बदलतो. “जुन्या रेकॉर्डीत आवाज जसाच्या तसा असतो” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लांब रेकॉर्ड काढली. लाखेच्या जागी व्हिनाइल आले, फेऱ्या मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे तेहतीस आणि एकतृतीयांश. आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे. ख्यालाला प्रथमच अंग पसरायला जागा मिळाली. उस्ताद अमीरखाँची ती एल.पी. आठवा: एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. मारव्यात षड्जाला जी तहान लागलेली असते, ती तीन मिनिटांत कशी लागणार? षड्ज टाळत टाळत अर्धी वाट चालावी, श्रोत्याचा जीव त्या षड्जासाठी कासावीस व्हावा, मगच त्याचे दर्शन घडावे, ही त्या रागाची रीत. अमीरखाँनी तो मारवा इतक्या सावकाशीने उलगडला आहे की एल.पी. निघाली नसती तर मैफलीला जाऊ न शकलेल्या लाखो लोकांना ते गायन कळलेच नसते. यंत्राने कलेवर केलेल्या उपकारांची यादी कोणी केली तर त्या वीस मिनिटांचे नाव वर घालावे लागेल.

परंतु एल.पी.चा देव्हारा करण्यापूर्वी तिची अडचणही पाहू. तिच्या एका बाजूवर एकच चर असतो, बाहेरून आत वळत जाणारा, सरळ केला तर अर्धा किलोमीटर भरेल इतका. तबकडीच्या फेऱ्या ठरलेल्या. म्हणून बाहेरच्या मोठ्या वळशात सुईखालून चर झरझर सरकतो आणि आतल्या लहान वळशात त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने. जितका वेग कमी तितके बारीक नागमोडी काम दाटीने कोंबावे लागते आणि सुई तिथे अडखळते. आता ख्यालाचा क्रम पाहा. आरंभी विलंबित, संथ आलाप. तो येतो बाहेरच्या ऐसपैस जागेत. शेवटी द्रुत, ताना, तारसप्तक; ते येते नेमके आतल्या दाटीत. म्हणजे गवई जेव्हा सर्वांत अवघड काम करत असतो तेव्हा तबकडी सर्वांत दुबळी असते! आप्पांच्या रेकॉर्डींत शेवटच्या ताना किंचित फाटलेल्या येत. मी लहानपणी समजत असे की बुवा दमले.

दुसरी अडचण मधल्या भोकाची. ते भोक एका मिलिमीटरने जरी बाजूला पडले तरी सारी तबकडी लंबगोल डुलत फिरते आणि दर फेरीला, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या आसपास, स्वर किंचित चढतो आणि उतरतो. नाट्यगीत असेल तर हे कळतही नाही. पण मागे तंबोरा असेल, तर त्याचा अढळ षड्ज झोपाळ्यावर बसल्यासारखा हलू लागतो. तिसरी गोष्ट अशी की मंद्र स्वर चरात भरायचे तर चर फार रुंद हेलकावे घेणार. म्हणून कापताना ते मुद्दाम दाबून टाकतात आणि उंच स्वर वाढवून ठेवतात. वाजवताना यंत्र याच्या बरोबर उलटे करून हिशेब जुळवते. १९५४ पासून याचे एक प्रमाणही ठरले आहे. सांगायचे एवढेच की “रेकॉर्डीत आवाज नैसर्गिक असतो, त्याला कोणी हात लावलेला नसतो” ही समजूत भाबडी आहे. हात सर्वत्रच लागलेला असतो.

आता सीडीकडे वळू. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती घडवली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. बारा सेंटिमीटरची चकती, तिच्यावर सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटांचे गाणे, आणि सुईऐवजी प्रकाशाचा किरण. हा किरण आतून बाहेर जातो, आणि चकतीच्या फेऱ्या अशा कमी होत जातात की किरणाखालून मार्ग सर्वत्र सारख्याच वेगाने सरकावा. तेव्हा शेवटच्या ताना दाटीत सापडण्याचा प्रश्न इथे उरत नाही. भोकाचे डुलणे नाही, घासून झिजणे नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांमधले अंतर रेकॉर्डीला जेवढे पेलते त्याहून सीडीला पुष्कळ अधिक पेलते.

मग तिच्यावर आक्षेप कोणता? रेकॉर्डवाले सांगतात की सीडी आवाजाचे तुकडे करते. सेकंदाला ४४,१०० वेळा ती आवाजाची उंची मोजते, आणि प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी लिहून ठेवते. दोन मोजमापांच्या मध्ये जे काही होते ते हरवले. म्हणून आवाज कोरडा. हा आक्षेप मीही पुष्कळ दिवस मानला. एके वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बायको दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होती ती पाहताना मात्र माझा मास्तरी मेंदू जागा झाला. ठिपके सुटे असतात, पण त्यांच्यावरून जाणारी रेघ सुटी नसते. रेघेने दोन ठिपक्यांच्या मध्ये भलतीच नागमोडी वळणे घ्यायची नाहीत, असा नियम एकदा घातला की त्या सर्व ठिपक्यांतून जाणारी रेघ एकच निघते, दुसरी निघूच शकत नाही. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांच्या कामातून सिद्ध झालेले तत्त्व थोडक्यात हेच. सेकंदाला ४४,१०० ठिपके असतील तर सेकंदाला २२,००० कंपनांपर्यंतची प्रत्येक लहर त्यांतून पुरी परत मिळते. आणि माणसाचा कान तरुणपणीदेखील २०,००० च्या पलीकडे ऐकत नाही. माझ्या वयात तर त्याहून पुष्कळ अलीकडे थांबतो. ठिपक्यांच्या मध्ये काही हरवते ही कल्पना म्हणून टिकत नाही. पायऱ्यांमुळे एक अगदी बारीक फुसफुस तेवढी राहते, आणि ती रेकॉर्डीच्या खरखरीच्या कितीतरी खाली असते.

म्हणजे आप्पा चुकले होते? इथे माझ्या कथेला पुढचे वळण आहे.

मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची घराणी आहेत. त्यांच्यातला एक कारागीर माझा वर्गमित्र. भोपळा निवडणे, तुनाच्या लाकडाची तबली बसवणे, आणि सर्वांत शेवटी जवारी काढणे हा त्याचा धंदा. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा की तार त्याच्यावर टेकते न टेकते अशी राहावी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत जायचे. एका ठिकाणी येताच तारेतून एकदम प्रकाश फुटल्यासारखे वरचे सूक्ष्म स्वर उमलतात. या उमलण्यालाच जवारी म्हणायचे. तो मूळ षड्ज तर खाली असतोच. पण तंबोऱ्याचा प्राण या वरच्या स्वरांच्या झुंबडीत असतो.

आप्पा २०११ साली गेले. त्यानंतर काही वर्षांनी या मित्राच्या माडीवर तीच किराण्याची एल.पी. मला अचानक दिसली. त्याने ती लावली. गवई बुवा सूर लावण्याआधीच्या चार-पाच सेकंदांत तंबोरा असा भरून आला की मला बसल्या जागी आप्पांचा प्रश्न ऐकू आला. घरी येऊन माझी जुनी सीडी लावली. तंबोरा होता, पण मातीच्या भिंतीपलीकडून कोणी वाजवावा तसा. षड्ज होता, पंचम होता, जवारी नव्हती.

त्या दिवसापासून मी सीडीचा वैरी झालो. नव्या धर्मात गेलेला माणूस जास्त कडवा असतो म्हणतात, तसा. एका वाचनालयात व्याख्यान देऊन “सीडीने आपल्या संगीताचा गळा घोटला” असे मी छातीठोकपणे सांगून आलो. टाळ्याही पडल्या.

त्या व्याख्यानाला मित्राचा मुलगा आला होता. तो तेव्हा इंजिनियरिंगला होता. काही दिवसांनी त्याने मला घरी बोलावले आणि म्हणाला, “काका, एक खेळ खेळू या. तुम्ही फक्त ऐकायचं.” त्याने तीच एल.पी. आपल्या यंत्रावर वाजवून, तिच्यातला एकही टक न काढता, कोऱ्या सीडीवर उतरवून ठेवली होती. दोन्हींचा आवाज त्याने मापून अगदी सारखा केला. कारण, तो म्हणाला, आवाज रेसभर मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. मग मला भिंतीकडे तोंड करून बसवले. तोच तुकडा कधी रेकॉर्डीवरून, कधी सीडीवरून. कोणता कोठून, ते मी सांगायचे. बारा वेळा ऐकले. सहा वेळा बरोबर आले. छापा-काटा करून सांगितले असते तरी तेवढेच आले असते.

मित्र कोपऱ्यात बसला होता. आयुष्यभर जवारी ऐकलेला त्याचा कान. मी त्याच्याकडे आशेने पाहिले. तो म्हणाला, “मास्तर, माझाही पत्ता लागला नाही. तंबोरा दोन्हीकडं तोच हाय.”

मग माझ्या सीडीतली जवारी कोणी नेली? त्या मुलाने ते उलगडून दाखवले. जुन्या ध्वनिमुद्रणाच्या फितीत एक सततची फुसफुस असते. सीडी निघाली तेव्हा लोकांना स्वच्छता हवी होती; चकचकीत नव्या वस्तूतून जुनी फुसफुस आलेली गिऱ्हाइकाला खपली नसती. म्हणून कोणीतरी ती पुसून काढली. पण फुसफुस राहते ती आवाजाच्या वरच्या मजल्यावर, आणि तंबोऱ्याची जवारीही त्याच मजल्यावर. केर काढणाऱ्याने केराबरोबर देवाजवळची फुलेही भरून नेली. गवयाचा आवाज मधल्या मजल्यावरचा, ठसठशीत. त्याला फारसा धक्का लागला नाही. म्हणून मला सारे ठीक वाटले. माझे लक्ष गवयाकडे होते, आप्पांचे गाण्याकडे होते.

माझ्या मते या साऱ्या वादाचे मर्म इथे आहे. रेकॉर्ड आणि सीडी ही दोन भांडी आहेत. त्यांतले सीडीचे भांडे अधिक पक्के, कमी गळणारे. हे मला आता मान्य करणे भाग आहे. पण भांड्यात काय ओतायचे ते माणूस ठरवतो. सीडीने गाण्याला अधिक जागा दिली आणि माणसाने त्या जागेचा दुरुपयोगही केला. पाश्चात्य पॉप संगीतात नव्वदीच्या दशकापासून प्रत्येक सीडी दुसरीपेक्षा मोठ्याने ओरडावी अशी शर्यत लागली. हळू आवाज वर उचलायचा, मोठा दाबायचा, सारे एका पातळीला आणायचे. ज्या माध्यमाला कुजबूज आणि गर्जना यांतले सर्वांत मोठे अंतर पेलता येत होते, त्यालाच सपाट केले. रेकॉर्डीला असा अतिरेक सोसत नाही, तिथे सुईच चरातून उडते. म्हणून पुष्कळदा एखादे गाणे सीडीपेक्षा रेकॉर्डीवर खरोखरच चांगले लागते. कारण मात्र व्हिनाइलची जादू हे नसून ती रेकॉर्ड कापताना कोणीतरी आवरते घेतले होते हे असते.

रेकॉर्डवाल्यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट उरते आणि ती मला मोलाची वाटते. रेकॉर्ड श्रोत्याकडून काही मागते. उठावे लागते, पुसावी लागते, वीस मिनिटांनी उलटावी लागते, पाय न आपटता बसावे लागते. सीडीने हातात बटण दिले आणि विलंबित ओलांडून थेट द्रुतावर जायची सोय केली. मी स्वतः ती सोय वापरली आहे. आता तर फोनवर बोट फिरवले की हवे ते गाणे येते, आणि माझ्या वर्गातली मुले आलापाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात पुढे सरकतात. याला आवाजाचा गुण म्हणता येणार नाही, ऐकण्याचा गुण म्हणावे लागेल. पण ऐकणारा नसेल तर आवाजाचे गुण कोणासाठी?

काळाची थट्टा अशी की ज्या सीडीपायी मी आप्पांच्या पेट्या विकल्या ती सीडीही आता अडगळीत पडली आहे. २०२२ साली अमेरिकेत व्हिनाइल रेकॉर्डी सीडींपेक्षा संख्येने अधिक विकल्या गेल्या. १९८७ नंतर हे प्रथमच घडले. आमच्या घरचा प्लेयर बंद पडला तो दुरुस्त करणारा गावात मिळत नाही. माध्यमे येतात आणि जातात. उरायचे ते गाणे, आणि तेही कोणी जपले तर.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीची ओळख म्हणून तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक रेकॉर्ड बसवली आहे. सोबत सुईही दिली आहे. जगभरच्या निवडक संगीतात आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. याने निघाली ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. पुढे कधी कोण्या परग्रहावरच्या प्राण्याने ती तबकडी लावलीच, तर त्याला आपली भैरवी तिच्या साऱ्या खरखरीसकट ऐकू येईल. तिथे जाऊन ती कोणी पुसणार नाही, हे मला फार बरे वाटते.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घराची झाडलोट बहुधा उरकली असेल. माळ्यावरून जुन्या रेकॉर्डींची एखादी पेटी खाली आली असेल आणि ती अजून दाराबाहेर गेली नसेल, तर माझी एक विनंती आहे. घरातल्या किंवा शेजारच्या कोण्या जाणत्या मुलाला ती आधी उतरवून घेऊ द्या. सीडीवर घ्या, आणखी कशावर घ्या. पण खरखर काढू नका. खरखर पुढे केव्हाही काढता येईल. तिच्याबरोबर गेलेला तंबोरा परत आणता येत नाही.

मित्राच्या मुलाने उतरवलेली ती सीडी मी मागून घेतली आहे. दिवाळीच्या पहाटे, पहिले अभ्यंगस्नान झाले की, ती लावतो. आमच्या तक्तपोशीवर आता नातवंडांएवढी पुतण्याची मुले धावतात. पाय आपटले तरी किरण काही उडत नाही. पण मी त्यांना बसवतो. गाणे सुरू होण्याआधीच्या त्या चार-पाच सेकंदांत ओसरीवरच्या रिकाम्या जागेकडे माझी नजर जाते. आप्पा, तंबोरा सापडला. पेट्या मात्र गेल्या.